सोयाबीन-संशोधन, माळव्यातील (धार व देवास)

माळव्याच्या पठारावर, धार व देवास या जिल्ह्यांत, म्हणजे 1948 साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत पवार घराण्याच्या अमलाखाली असलेल्या मराठी संस्थानांच्या जुन्या मुलखात, भारत व अमेरिका यांच्या विद्यापीठांच्या सहकार्यातून विस्तार पावलेली कृषिपरंपरा.

येथील काळी चिकण जमीन पावसाळ्यात औताला दाद देत नसल्यामुळे पुष्कळसे रान खरिपात पडीक ठेवावे आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यावा, असा प्रघात होता. काळ्या दाण्याचे ‘काळी तूर’ नावाचे देशी सोयाबीन मध्य भारताला ठाऊक होते. परंतु त्याचे क्षेत्र अल्प होते. अन्नटंचाईने गांजलेल्या नवस्वतंत्र देशाने पंतनगर (1960) व जबलपूर (1964) येथे अमेरिकन धर्तीची कृषी-विद्यापीठे स्थापिली, तेव्हा अमेरिकन सरकारच्या साहाय्याने आलेल्या इलिनॉय विद्यापीठाच्या तज्ज्ञांसह ‘ब्रॅग’ आदी परदेशी वाणांच्या चाचण्या सुरू झाल्या. मुळांवर गाठी धरून हवेतील नत्र स्थिर करणारे या पिकाचे जिवाणू येथील मातीत पुरेसे नसल्यामुळे पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणुसंवर्धन चोळण्याची पद्धतीही शेतकऱ्यांस शिकवावी लागली. 1967 साली अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प आणि 1987 साली इंदूरचे राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र सुरू झाले.

या सहकार्याचे श्रेष्ठ फळ मात्र आयात बियाणे नव्हे, तर जबलपूरच्या कृषी-विद्यापीठाने सिद्ध केलेला आणि 1994 साली प्रसारित झालेला ‘जे. एस. 335’ हा वाण होय. कारण सुमारे शंभर दिवसांत हाती येणाऱ्या या पिकामागून त्याच शेतात रब्बीचा गहू वा हरभरा घेता येऊ लागला आणि पडीक खरिपाला रोख उत्पन्न लाभले.

तेल काढणारे कारखाने या पट्ट्यात उभे राहिले आणि पेंड पशुखाद्य म्हणून आशियाई देशांस जाऊ लागली. दाण्यात सुमारे 40 टक्के प्रथिने व 20 टक्के तेल असते. तेल देशाच्या स्वयंपाकघरांत पोहोचले, पण प्रथिनांचा मोठा वाटा परदेशच्या कोंबड्यांच्या वाट्याला गेला, आणि ज्या गावांत हे पीक पिकते तेथील मुलांच्या ताटात तो क्वचितच उतरला, ही या यशातील गंभीर उणीव होय. शिवाय ज्वारीचे क्षेत्र आक्रसले, भाव परदेशी बाजारावर अवलंबून राहू लागले, आणि पिवळा मोझॅक हा रोग व पावसाचे खंड यांमुळे एकाच पिकावर विसंबलेले कुटुंब एकाच हंगामात अडचणीत येऊ लागले. लवकर येणाऱ्या व रोगास तोंड देणाऱ्या वाणांचा शोध जबलपूर व इंदूर येथे याच निकडीतून चालू आहे.