वऱ्हाडचे ऊन आणि अमरावतीचा आखाडा

१/ मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांना टेकतो. उन्हासाठी ख्यात असलेल्या याच वऱ्हाडात मोकळ्या मैदानावरील व्यायामाची थोर परंपरा रुजली.

२/ १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी व्यायामकार्य आरंभिले. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. क्रांतिकारक राजगुरू यांनीही येथील आखाड्यात धडे घेतले.

३/ १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डी, मल्लखांब आदींची प्रात्यक्षिके सादर केली.

४/ त्याच बर्लिनमध्ये १९१९ साली डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांनी मुलांचा मुडदूस बरा होतो, हे दाखवून दिले होते. हे किरण त्वचेवर पडले की शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि हाडे बळकट होतात.

५/ सकाळचे कोवळे ऊन ‘ड’ जीवनसत्त्व देते, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः सूर्य क्षितिजालगत असताना हे किरण फारच थोडे पोहोचतात. सूर्य पुरेसा वर आल्यावरच ते मिळतात.

६/ मग आखाडे भल्या सकाळी का घुमत? त्या वेळी अंगमेहनत सोसवते आणि उष्माघाताचे भय नसते. शिवाय सकाळच्या उजेडाने झोप-जागेचे चक्रही सुरळीत राहते.

७/ म्हणून वऱ्हाडात हिवाळ्यात दहाच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात खेळावे. उन्हाळ्यात मात्र दंड-बैठका ऊन चढण्यापूर्वीच आटोपाव्यात.