ग्रँड डिटूरचा लोहार

इलिनॉय राज्यात रॉक नदीच्या वळणावर ग्रँड डिटूर हे छोटं गाव आहे. व्हरमाँटहून आलेल्या जॉन डिअर या लोहाराचं इथलं लाकडी घर अजून जपलेलं आहे. पण पाहुण्याने जास्त वेळ द्यावा तो त्याच्या लोहारशाळेला.

प्रेअरीची काळी माती ओतीव लोखंडाच्या नांगराला इतकी चिकटे, की शेतकऱ्याला वारंवार थांबून ती खरवडावी लागे. १८३७ मध्ये डिअरने करवतीच्या मोडक्या पात्याचं पोलाद वापरून, घासून गुळगुळीत केलेला नांगर घडवला. माती त्यावरून आपोआप घसरू लागली.

त्या लोहारशाळेचे अवशेष १९६२ मध्ये उत्खननात सापडले. खणलेली जागा तशीच उघडी ठेवून वर इमारत उभारली आहे. हा निर्णय फार शहाणपणाचा.

१८४८ मध्ये डिअर मोलीनला गेला. त्याच्या नावाचे ट्रॅक्टर आज पुण्याजवळ सणसवाडीतही तयार होतात.