शेकोटीपासून सूर्यचुलीपर्यंत

गडचिरोली जिल्ह्यांतील धानोऱ्याच्या परिसरांत, साग, ऐन आणि मोह यांच्या रानांनी वेढलेल्या खेड्यांतून, पौषांतल्या पहाटे शेकोट्या पेटतात. जाळाभोवतीं बसलेल्यांचें तोंड भाजूं लागतें, परंतु पाठ गारठलेलीच राहते. मध्यें कोणी घोंगडी धरली, तर समोरची ऊब तत्क्षणीं नाहींशी होते. तापलेली हवा तर धुराबरोबर वर निघून जाते. मग ही ऊब येते तरी कोणत्या वाटेनें?

स्वीडनमधील रसायनज्ञ शेले यानें १७७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत याच प्रश्नाचा विचार केला. भट्टीसमोरची उष्णता सरळ रेषेंत येते, वाऱ्याच्या झुळकीनें ती वळत नाहीं, आणि मधली कांच तिला अडविते, असें त्याला आढळलें. तव्यांतून उष्णता भाकरीला पोंचते तें वहन. आधणाच्या पाण्याबरोबर ती वर चढते तें अभिसरण. आणि मधल्या कोणत्याहि पदार्थाच्या साहाय्यावांचून ती येते तें प्रारण.

पुढें १८०० सालीं इंग्लंडांत विल्यम हर्शल यानें लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नव्हतें तेथें, उष्णतामापक ठेवला. पारा वर चढला! उष्णतेचे किरण प्रकाशाचेच अदृश्य भाऊबंद आहेत, हें समजण्याची वाट तेथून मोकळी झाली.

प्रत्येक पदार्थ अशी उष्णता सतत देतो आणि घेतो, हें जिनीव्हाच्या प्रेव्हो यानें १७९१ मध्येंच मांडलें होतें. १८१४ सालीं वेल्स यानें दंवाचें कोडें त्याच तत्त्वानें उलगडलें. निरभ्र रात्रीं गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षांहि थंड होतें, म्हणून त्यावर दंव सांचतें. आभाळ आलें असतां ढगांकडून बरीच उष्णता परत मिळते; म्हणून तशा रात्रीं थंडी कमी वाजते.

हें ज्ञान चुलीपर्यंत आणण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न मुंबईंत झाला. तेथील उच्च न्यायालयांत अधिकारी असलेल्या विल्यम ॲडम्स यानें १८७८ सालीं, उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजीं सूर्याची उष्णता कशी वापरावी, यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. कुलाब्यांत पुष्कळसे सपाट आरसे मांडून त्यानें सूर्यकिरण एकवटले आणि पाण्याची वाफ करून यंत्र चालविलें. त्याच्या सूर्यचुलीवर जानेवारींतल्या उन्हांत सात शिपायांचें जेवण दोन तासांत शिजलें. चुलीवरील कांचेंतून प्रकाश आंत जाई. परंतु तापलेल्या भांड्याचे अदृश्य किरण तिच्यांतून सहजासहजीं बाहेर पडत नसत. शेलेला अडवणूक करणारी दिसलेली कांच येथें राखणदार झाली.

तरीहि ती चूल घरोघर गेली नाहीं. सूर्य रात्रीं मावळतो, पावसाळ्यांत झांकोळतो. आणि रांधणाऱ्या बाईला भूक लागेल त्या वेळीं जाळ हवा असतो.

धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा गांवाला २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ज्यांनी रान सांभाळावयाचें, त्यांनाच त्यांतून सरपणहि आणावयाचें असतें. चुलीच्या उघड्या तोंडांतून जी उष्णता किरणरूपानें वायां जाते, तिच्यापायीं डोक्यावरची मोळी जड होते. ॲडम्सचा प्रश्न म्हणूनच जुना झालेला नाहीं: उन्हानें होईल तेवढें काम उन्हाकडून घेतलें, तर तेवढें लांकूड रानांतच उभें राहील.