छावणीतला कुत्रा गालिच्यावर आला तेव्हा

रांगत्या बाळाने चटई ओली केली तर आपण म्हणतो, 'बाळाला शू झाली'. तेच दोन महिन्यांच्या पिल्लाने केले तर म्हणतो, 'कुत्र्याने घाण केली'. बाळाला 'होते' आणि पिल्लू 'करते'. म्हणजे चौकशी होण्यापूर्वीच भाषेने निकाल देऊन टाकलेला असतो. मग आवाज चढतो, वर्तमानपत्राची गुंडाळी हातात येते, कोणी पिल्लाची मान धरून त्याचे नाक त्या ओल्यावर घासतो. हे सगळे परंपरेने चालत आले आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात कुत्रा उंबरठ्याच्या आत आला त्याला फार काळ झालेला नाही, आणि नाक घासण्याची परंपरा तर आपली आहे असे मानायलाही जागा नाही.

हा इतिहास पाहायचा तर ग्वाल्हेरसारखे दुसरे गाव नाही. मराठी माणसाची तिथली वस्ती छावणी म्हणून सुरू झाली, पुढे तिचा वाडा झाला, मग राजवाडा झाला आणि आता फ्लॅट झाला. कुत्रा या प्रत्येक मुक्कामावर आपल्या सोबत होता.

आपल्या गोव्याचाही या कथेशी धागा आहे. महादजी शिंद्यांचे सेनापती जिवबादादा बक्षी हे पेडणे महालातल्या केरीचे. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांची फौज त्यांच्या हाताखाली होती. शिंद्यांच्या दरबारात आणि फौजेत शेणवी मंडळींचा मोठा दबदबा होता. तेव्हा शिंद्यांच्या छावणीविषयी बोलताना आपण अगदीच परक्या मुलखाविषयी बोलत नाही.

छावणी

महादजींनंतर गादीवर आलेल्या दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही. त्याचेच शहर झाले आणि नावही राहिले 'लष्कर'. तिथल्या एका भागाला आजही 'शिंदे की छावणी' म्हणतात. त्याआधीच्या वर्षी, १८०९ मध्ये, थॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या तळाबरोबर फिरत होता. त्याची पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांतून दिसते ते एक चालते-फिरते शहर, बाजारासकट.

अशा ठिकाणी कुत्र्याच्या शी-शूचा प्रश्नच येत नाही. राहुटीला भिंत नाही, जमीन मातीची आणि चार पावलांवर माळ. कुत्र्याला जात्याच एक शिस्त असते. पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे होईपर्यंत आई त्याला चाटून त्याची शी-शू उतरवते आणि जागा स्वतःच साफ करते. पाय धरू लागले की पिल्लू आपणहून झोपायच्या जागेपासून दूर जाऊन बसते. निजायची जागा स्वच्छ ठेवणे हे त्याला कोणी शिकवत नाही. निजायची जागा कुठे संपते, एवढेच काय ते त्याला कळायला हवे असते. छावणीत ते आपोआप कळत होते.

उंबरठा

लष्करात वाडे उभे राहिले ते चौकाचे. आपल्याकडच्या घरांना राजांगण असते तसेच. कुत्रा दाराशी, ओसरीखाली, गोठ्याच्या कडेला. सोवळ्याओवळ्याच्या घरात त्याला उंबरठा ओलांडायची परवानगी नव्हती. गंमत अशी, की साखळीच्या दत्तवाडीत आपण हात जोडतो ते दत्तगुरू चार कुत्र्यांशिवाय पुरे होत नाहीत, आणि त्या चार कुत्र्यांना आपण चार वेद मानतो. श्राद्धाच्या दिवशी गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचाही वाटा निघतो. पण तो वाटा ठेवायचा बाहेर. देव्हाऱ्यात जागा होती, माजघरात नव्हती.

तरीही पिल्लू कधीमधी आत शिरायचेच. तेव्हा चुलीतली मूठभर राख त्या जागेवर पडे. राख ओल शोषून घेई, मग ते माती-राखेसकट उचलून बाहेर टाकायचे आणि तेवढ्या तुकड्यावर शेणाचा हात फिरवायचा. काम संपले. जमीनच अशी होती, की तिचा वरचा थर काढून नवा देता येत असे. कोणा आजीने त्यासाठी कुत्र्याला 'वळण' लावायचा वेगळा खटाटोप केला असेल असे मला वाटत नाही. तिने त्याला हाकलले असेल, आणि हाकलले की तो जिथे जायला हवा तिथेच जाई, म्हणजे अंगणात. वळण लावायचे काम अंगण करत होते.

राजेरजवाड्यांकडे मात्र कुत्रे पाळण्याचे शास्त्र फार आधीपासून होते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात कुत्र्यांसाठी 'सारमेयविनोद' असा स्वतंत्र भाग आहे. गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी हा याच सोमेश्वराचा मेहुणा. पण ते कुत्रे शिकारीचे. राजा त्यांच्याकडे रानात पाही, शयनगृहात नाही.

गालिचा

१८७४ साली जयाजीराव शिंद्यांनी मायकेल फिलोजकडून जयविलास बांधून घेतला. युरोपी धाटणीचे दालन, झुंबरे, आणि दरबार हॉलमध्ये ग्वाल्हेरच्याच तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला प्रचंड गालिचा. राजवाड्याचा एक भाग आज संग्रहालय आहे. तिथे जाणारे लोक माना वर करून झुंबरे पाहतात. आपल्या विषयापुरते मी म्हणेन, खाली पाहा.

गालिचा ही जमीन सारवता येत नाही. त्याचा वरचा थर काढता येत नाही. जे सांडले ते धाग्यांच्या मुळाशी जाते आणि तिथेच राहते. साहेबी थाटाच्या बंगल्यांत गालिचा आला, आणि साहेबाचे बघून कुत्रा मांडीवर आला. दोन्ही एकाच खोलीत. घरातला कुत्रा ही 'समस्या' झाली ती इथे. कुत्रा होता तसाच होता, बदलली ती त्याच्या पायाखालची जमीन. राजवाड्यात पुसायला नोकर होते. पुढे बंगल्यांच्या जागी कॉलन्या आल्या, मग तिसऱ्या मजल्यावरचे फ्लॅट आले. चौक गेला, अंगण गेले, नोकर गेले. उरला गालिचा, सोफा आणि पिल्लू.

काठी कुठून आली

साहेबाबरोबर कुत्रा शिकवायची साहेबी पद्धतही आली. १९१० साली जर्मनीत कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याचे श्वानप्रशिक्षणावरचे पुस्तक निघाले. गळ्याचा पट्टा ओढायचा, चुकले की शिक्षा, असा त्याचा मुख्य रोख. लष्करे आणि पोलीसदले त्या वाटेने गेली आणि त्यांचे पाहून घरगुती मालकही. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, अशी म्हण आपल्याकडे होतीच. तिची या काठीशी लगेच गट्टी जमली.

त्या काठीला पहिला शास्त्रीय धक्का दिला तो बी. एफ. स्किनर यांनी. १९५१ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांनी सांगितले, की नेमके हवे ते घडले त्या क्षणी एक छोटा आवाज आणि लगेच खाऊ, एवढ्यावर कुत्रा शिकतो. १९८० च्या दशकात इयान डनबार यांनी पिल्लांचे वर्ग सुरू केले, कॅरेन प्रायर यांनी पुस्तके लिहिली आणि ही पद्धत घराघरांत गेली. २००९ मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी कुत्र्याच्या त्या 'अपराधी' चेहऱ्याची परीक्षा घेतली. मालक रागावला की कुत्रा तसा चेहरा करतो, मग त्याने काही केलेले असो वा नसो. त्याला स्वतःचा गुन्हा आठवत नाही, त्याला आपला राग दिसतो. 'बघा, कळतंय त्याला' हे आपले वाक्य त्या दिवशी निकालात निघाले.

ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, १९७० पासूनचे. परदेशी जातींबरोबर तिथे आता रामपूर आणि मुधोळ या आपल्या जातींनाही शिकवतात. मुधोळ म्हणजे घोरपड्यांच्या संस्थानातला कुत्रा. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमध्ये सीमा सुरक्षा दलाच्या 'रिया' या मुधोळ कुत्रीने पहिला क्रमांक मिळवला. शेपूट वाकडे राहिले असेलही, शिकण्याच्या आड ते आले नाही.

अंगणाचे काम कोणी करायचे?

आता हातात पिल्लू आणि फरशीवर डबके, अशा स्थितीत काय करावे? अंगण जे काम करत होते ते आता माणसाने करायचे, एवढे धरले की बाकीचे सोपे आहे.

पिल्लू करताना दिसले तर ओरडू नये. हलकी टाळी वाजवून लक्ष वेधावे, उचलून बाहेर न्यावे आणि उरलेले तिथे झाले की त्याच क्षणी शाबासकी व खाऊ द्यावा. घरात परत येऊन दिलेला खाऊ त्याला घरात येण्याचे बक्षीस वाटतो. डबके नंतर सापडले तर निमूट पुसावे. ओरडल्याने ते एवढेच शिकते, की माणसासमोर शू करणे धोक्याचे. मग ते पलंगाखाली जाऊन करू लागते आणि बाहेर नेले तरी आपल्यासमोर करत नाही.

पुसताना आधी कापडाने टिपून घ्यावे, घासू नये. मूत्रातल्या युरियाचा जिवाणूंमुळे अमोनिया होतो. त्यामुळे अमोनिया असलेल्या द्रावणाने पुसले तर वास अधिकच ओळखीचा होतो. फिनेलचा वास आपल्याला स्वच्छ वाटतो, पण ते पिल्लाच्या पायांना लागते आणि चाटण्यातून पोटात जाते. मूत्रातले पदार्थ मोडणारी एन्झाइमयुक्त द्रावणे बाजारात मिळतात, गालिच्यासाठी तीच बरी. साध्या फरशीवर पाण्यात मिसळलेले व्हिनेगरही चालते. पिल्लाला उरलेला वास आपल्यापेक्षा कितीतरी जास्त येतो आणि वास म्हणजे त्याच्यासाठी पाटी असते, 'जागा इथे आहे' अशी.

आमच्या कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. पिल्लाचीही आठवडाभर ठेवून पाहावी. पाणी कधी प्यायले, खाल्ले कधी, बाहेर कधी पडले. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याची वेळ येते, हे दोन दिवसांत वहीच सांगेल. दोन महिन्यांचे पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त दम धरू शकत नाही. चार ते सहा महिन्यांपर्यंत चुका व्हायच्याच. वही पाहिली की कळते, त्यातल्या बऱ्याच आपल्या उशिरामुळे झालेल्या असतात.

हवामानही मध्ये येते. ग्वाल्हेरला मे महिन्यात दुपारची फरसबंदी पाय भाजते आणि जानेवारीत पहाटेच्या थंडीत पिल्लू पांघरुणातून निघत नाही. आपल्याकडे तोच अडसर पाऊस घालतो. जूनपासून पिल्लू सोप्यावर उभे राहून पागोळ्यांकडे पाहते आणि मुकाट आत येऊन कोपरा गाठते. पावळीखाली किंवा बाल्कनीत मातीचा एक पसरट ट्रे ठेवला तर पावसाळा निभावतो. आणि इतके दिवस नीट वागणारा कुत्रा एकाएकी घरात करू लागला तर त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा म्हातारपणही त्यामागे असू शकते.

सरमेचा प्रश्न

हे सगळे एवढे महत्त्वाचे का? कारण 'घरात घाण करतो' एवढ्यावर पिल्ले रस्त्यावर सोडली जातात. हौसेने आणलेले जातिवंत पिल्लू तीन महिन्यांनी बाजारात किंवा समुद्रकिनाऱ्यावर भेदरून फिरताना दिसते. त्याला ना कळपाची ओळख, ना रस्त्याची. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून झालेल्या १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारहाण करणे आणि त्याची उपासमार होईल असे वाऱ्यावर सोडणे हे दोन्ही गुन्हे आहेत. पण त्या कायद्याच्याही फार आधीचा एक निवाडा आपल्याकडे आहे.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारा कुत्रा सर्वांना ठाऊक असतो. आदिपर्वाच्या आरंभी आलेले पिल्लू मात्र फार थोड्यांना आठवते. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असते. देवांची कुत्री सरमा, तिचे पोर तिथे जाते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे येते. आई विचारते, तू काही केलेस का? ते सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही आणि ते चाटलेही नाही. सरमा तडक सत्रात जाऊन जाब विचारते, माझ्या मुलाला का मारले? भरल्या सभेत कोणाला उत्तर देता येत नाही. ती शाप देते, की निरपराध्याला मारलेत, आता तुमच्यावर न दिसणारे भय येईल.

एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारातच व्यासांनी एक मार खाल्लेले पिल्लू उभे केले आहे. सभेला देता आले नाही ते उत्तर आपल्याला देता येते का, हे गुंडाळी हातात घेण्यापूर्वी प्रत्येकाने पाहावे. आणि येत नसेल, तर गुंडाळी उलगडून तोच कागद फरशीवर टाकावा. ओल टिपून घ्यायला तो चांगला उपयोगी पडतो.