निवासगृहाचे नियोजन आणि अपंग रहिवाशांचा सहभाग : ब्रिटनमधील दोन प्रयोग

अपंगांच्या निवासगृहांचा इतिहास बहुधा संस्थापकांच्या सेवाभावाचा इतिहास म्हणून लिहिला गेला. नियोजनात रहिवाशांचे स्थान कोणते, हा प्रश्न मात्र उपेक्षितच राहिला. या दृष्टीने ब्रिटनमधील दोन प्रयोग उद्बोधक ठरतात.

लेनर्ड चेशायर यांनी १९४८ मध्ये हॅम्पशायरमध्ये ‘ले कोर्ट’ हे निवासगृह सुरू केले. झोपण्याच्या वेळेसारख्या बाबींवरील निर्बंधांविरुद्ध तेथील रहिवाशांना झगडावे लागले. व्यवस्थापनात वाटा मिळावा म्हणून पॉल हंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना पाचारण केले. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने संस्थेतील जीवनास ‘सामाजिक मृत्यू’ म्हटले; उपाय मात्र संस्था अधिक चांगल्या चालविण्याचेच सुचविले. हे संशोधक तटस्थ नसून रहिवाशांच्या विरोधात उभे आहेत, असा आक्षेप हंट यांनी पुढे घेतला.

याउलट, नॉटिंगहॅमशायरमधील सटन-इन-ॲशफील्ड येथे केन व मॅगी डेव्हिस या अपंग दाम्पत्याने ग्रोव्ह रोड गृहयोजनेची कल्पना स्वतः मांडून ती गृहनिर्माण संस्थेच्या साहाय्याने १९७६ मध्ये साकारली. तळमजल्यावर अपंगांसाठी तीन सदनिका आणि वरच्या तीन सदनिकांत साहाय्य करणारी कुटुंबे, अशी ही रचना होती. येथे अपंग व्यक्ती संस्थेच्या आश्रित नव्हत्या. त्या आपापल्या घरात राहत होत्या.

तयार आराखड्यावर अभिप्राय घेणे म्हणजे सहभाग नव्हे, हे या तुलनेतून स्पष्ट होते. कोठे व कोणासोबत राहावे हे निवडण्याची संधी संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराने कलम १९ मध्ये मान्य केली. भारताने तो करार २००७ मध्ये स्वीकारला. त्यामुळे नव्या निवासगृहाच्या नियोजनात पहिला प्रश्न इमारतीचा नसून निर्णयाधिकाराचा ठरतो.