मणी, पट्टा आणि पॉइंट

"पॉइंटांवर फुकट राहून आलो" असे सांगणारा एखादा तरी माणूस हल्ली प्रत्येकाच्या ओळखीत सापडतो. हॉटेल कंपनीचे सभासद व्हायचे, तिच्या हॉटेलांत उतरत राहायचे, तिच्या नावाचे क्रेडिट कार्ड वापरायचे आणि साठलेल्या पॉइंटांवर एक दिवस समुद्रकाठच्या 'ऑल-इन्क्लुझिव्ह' रिसॉर्टात जाऊन पडायचे. न्याहारी, जेवण, दारू, पोहणे, नाचगाणे सगळे खोलीच्या भाड्यात धरलेले, आणि भाडे पॉइंटांत चुकते केलेले. खिशात हात घालायची वेळच येत नाही. मजा आहे! पण या मजेचा इतिहास किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी एकदा पाहून घ्यावा असा आहे. पाहुण्याच्या नजरेसमोरून पैसा कसा हलवायचा, हे हा धंदा गेली पाऊणशे वर्षे शिकत आला आहे.

सुरुवात मात्र गरिबीतली. १९५० साली जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने स्पेनच्या मायोर्का बेटावर आल्कुदिया येथे सुट्टीची छावणी उभारली. तंबू पुरवले ते जिल्बेर त्रिगानोच्या घराण्याने. हेच त्रिगानो पुढे या 'क्लब मेडिटरेनियन'चे, म्हणजे क्लब मेडचे, सर्वेसर्वा झाले. महायुद्धाने पोळलेल्या युरोपातल्या माणसांना ऊन, समुद्र आणि चार माणसांचा सहवास द्यावा, एवढीच मूळ कल्पना. एकदा ठरावीक रक्कम भरली की राहणे, जेवणे, खेळणे त्यात आले. बारमध्ये मात्र वेगळे पैसे लागत. पोहण्याच्या कपड्यांना खिसा कुठला? म्हणून १९५० च्याच दशकात गळ्यात घालायचे मणी आले. पेय घ्यायचे, मणी काढून द्यायचा. सोय तर झालीच, शिवाय मणी देताना पैसे दिल्यासारखे वाटत नसे.

पुढचा टप्पा जमैकाचा. १९७० च्या दशकात तिथले राजकारण रक्ताळलेले होते. १९७६ साली आणीबाणी पुकारली गेली, आणि १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात शेकडो माणसे मारली गेली. असल्या बातम्या वाचून परदेशी पाहुणा हॉटेलबाहेर पडायला कचरू लागला. मग जॉन इसा या जमैकन हॉटेलवाल्याने १९७६ मध्ये नेग्रिल येथे आणि १९७८ मध्ये ओचो रिओस येथे पाहुण्याला बाहेर पडायची गरजच भासणार नाही अशी रिसॉर्टे चालवायला घेतली. १९८१ साली बुच स्टुअर्ट यांनी माँटेगो बे येथे 'सँडल्स' सुरू केले. दारूही आता भाड्यातच आली. असल्या रिसॉर्टांत मण्यांची जागा पुढे मनगटावरच्या रंगीत पट्ट्याने घेतली. पट्टा दिसला की ग्लास भरायचा, हिशेब नको.

आता पॉइंट. याचे मूळ हॉटेलात नसून किराणा दुकानात आहे. १८९६ साली अमेरिकेत स्पेरी आणि हचिन्सन यांच्या कंपनीने हिरवी तिकिटे काढली. दुकानदाराने ती कंपनीकडून विकत घ्यायची, गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणात द्यायची, गिऱ्हाइकाने वहीत चिकटवायची आणि वह्या भरल्या की वस्तू आणायची. वस्तू 'फुकट'; पण तिकिटांचा खर्च दुकानदाराच्या डोक्यावर, आणि तो मालाच्या किमतीत वसूल होणार. शिवाय घरोघरच्या खणांत जी तिकिटे पडून राहिली, तो कंपनीचा निव्वळ फायदा!

१९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यावरचे सरकारी नियंत्रण उठवले आणि कंपन्यांत चुरस लागली. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने मैलांची योजना आणली. युनायटेडने काही दिवसांतच तिची नक्कल केली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी हीच कल्पना हॉटेलांत आणली. पुढे २०१३ मध्ये हयातने मेक्सिकोत ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टे उघडली आणि तिथे पॉइंट चालू लागले. २०१९ पासून मॅरियटही या धंद्यात उतरले. अशी पट्टा आणि पॉइंटाची सोयरीक झाली.

आम्हा कारकून मंडळींना एक खोड असते. 'फुकट' हा शब्द ऐकला की खर्च कुठल्या खात्यात टाकला हे आधी पाहावेसे वाटते. इथे खाते असे. हॉटेलावर नाव मोठ्या कंपनीचे असले तरी इमारतीचा मालक बहुधा दुसराच असतो. सभासद पाहुण्याच्या बिलातला काही हिस्सा तो कंपनीकडे भरतो. पॉइंटांवर पाहुणा आला की कंपनी त्याला भरपाई देते; हॉटेल रिकामे असेल तर थोडी, भरत आले असेल तर बरी. दुसरीकडे बँका कंपनीकडून पॉइंट घाऊक विकत घेतात आणि आपल्या कार्डधारकांना वाटतात. न वापरलेले पॉइंट कंपनीच्या वहीत देणे म्हणून उभे राहतात. २०२० मध्ये कोरोनाने हॉटेले ओस पडली तेव्हा हिल्टनने अमेरिकन एक्स्प्रेसला १ अब्ज डॉलरचे पॉइंट आगाऊ विकले. खोलीत माणूस नाही, पण भविष्यातल्या मुक्कामाचे पैसे आज हातात! ज्याला आपण बक्षीस समजतो ते कंपनीचे खणखणीत चलन आहे.

या साखळीत पाहुणा आहे, बँक आहे, कंपनी आहे, इमारतीचा मालक आहे. कुंपणाबाहेरचा गाव मात्र नाही. जो पट्टा पाहुण्याला पाकिटाच्या त्रासातून सोडवतो, तोच त्याला बाहेरच्या खानावळीत जाण्यापासूनही सोडवतो. दोनदा पैसे कोण देईल?

हे दुखणे पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या चिमुकल्या देशाला झोंबले. त्याची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल : लहान प्रदेश, सुंदर किनारा, थंडीच्या दिवसांत युरोपातून चार्टर विमाने. हॉटेलाबाहेरचे टॅक्सीवाले, वाटाडे, छोटी उपाहारगृहे ओरडू लागली तेव्हा १९९९ मध्ये सरकारने ऑल-इन्क्लुझिव्ह सहलींवर बंदीच घातली. परदेशी सहल कंपन्या आणि हॉटेलवाले नाराज झाले, पाहुणा दुसरीकडे वळण्याची भीती उभी राहिली आणि साधारण वर्षभरातच बंदी मागे घ्यावी लागली.

आपल्याकडे सिकेरीला ताजचे फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्ट १९७४ साली झाले आणि जर्मनीहून चार्टर विमाने १९८५ पासून येऊ लागली. त्या दशकात 'जागृत गोंयकारांची फौज'सारख्या संघटनांनी या पर्यटनाला विरोध केला, तेव्हा किनारा नेमका कुणाचा हाच प्रश्न होता. तरीही आपल्या किनाऱ्याची घडण जमैकासारखी झाली नाही. शॅक, मोटारसायकल पायलट, शहाळेवाला, भाड्याच्या खोल्या, पहाटेचा पोदेर या सगळ्यांपर्यंत पाहुण्याचा पैसा रोख पोचत आला. पर्यटन खाते सोडत काढून गोंयकारांना शॅक देते, त्यामागचा हेतूही हाच.

पॉइंटांवर कुणी सुट्टी काढू नये असे मी म्हणणार नाही. ज्याचे साठले त्याने खुशाल वापरावे. बंदीने काम भागत नाही हे गांबियाने दाखवलेच आहे. पण उद्या आपल्या किनाऱ्यावर असे पट्टेवाले रिसॉर्ट यायचे म्हटले, तर ग्रामसभेत विचारायचा प्रश्न आतापासून तयार ठेवावा : आतल्या ताटातले नुस्ते, भाजी आणि पाव कुठून येणार, आणि त्या खरेदीचा करार कुणाच्या नावावर? पाहुण्याला पैसा दिसला नाही तरी चालेल, गावाला तो दिसला पाहिजे.