एक्का एक की अकरा? सावंतवाडीच्या गंजिफांपासून ब्लॅकजॅकच्या टेबलापर्यंत

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं की, सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता पत्ते? (हशा.) मी म्हटलं, तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न पत्त्यांइतका स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. एखाद्या वस्तूची किंमत त्या वस्तूत असते, की आपण ठरवलेल्या नियमात?

आपल्याकडे गणपतीत जागरणाला पत्ते बसतात, ते आठवा. इस्पिकची दश्शी घ्या. मेंढीकोट चालू असेल तर ती मेंढी, तिच्यासाठी अख्खा डाव. बदाम सातला बसलात तर तीच दश्शी हातात अडकून पडलेली कटकट. कागद तोच, छाप तीच. घरातलं पाच वर्षांचं पोरसुद्धा दोन्ही डाव शिकतं आणि गोंधळत नाही. किंमत नियमातून येते हे त्याला कळलेलं असतं, फक्त त्याने त्यावर प्रबंध लिहिलेला नसतो.

आता इथून दक्षिणेला सावंतवाडीला चला. तिथल्या गोल, हातांनी रंगवलेल्या, लाखेचा लेप दिलेल्या गंजिफा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील, निदान राजवाड्यातल्या कारागिरांचे फोटो तरी. गंजिफा हा खेळ इराणच्या बाजूने आला. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे आणि अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त या पत्त्यांचं सविस्तर वर्णन केलं आहे. मोगल गंजिफांचे आठ रंग, प्रत्येकात बारा पाने, म्हणजे शहाण्णव. दक्षिणेकडे आल्यावर त्याची दशावतारी गंजिफा झाली. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कलंकी असे दहा रंग आणि एकशेवीस पाने. बुद्धसुद्धा एक रंग, हे लक्षात घ्या. खेळायला बसलेल्यांना त्यात काही अडचण वाटली नाही.

मला ज्याचं सगळ्यात अप्रूप आहे ती गोष्ट पुढे आहे. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान सगळ्यांत वर. त्याखाली एक ते दहा. पण अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान, तर उरलेल्या अर्ध्या रंगांत बरोबर उलट, तिथे प्रधानाखालोखाल एक्का आणि दश्शी तळाला! शिवाय डाव कोणी सुरू करायचा हेही वेळेवर ठरतं. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. म्हणजे पानाची किंमत रंगावर आणि राजाचा मान सूर्यावर. आणि पुढचा सगळा खेळ स्मरणाचा. कोणती पाने पडून गेली हे ज्याला आठवतं तो जिंकतो, कारण मोठी पाने गेली की हातातलं मधलंच पान त्या रंगाचं मोठं होतं. ‘गेलेल्या पानांवर राहिलेल्या पानाची किंमत ठरते’, हे वाक्य जरा बाजूला ठेवा, मला ते नंतर लागणार आहे.

ही कला जवळजवळ बुडाली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या चितारी कारागिरांकडून ती पुन्हा उभी केली, म्हणून आज आपल्याला दिसते. पण पत्ते दिसतात, खेळणारे दिसत नाहीत. लोक ते चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. असो.

आता एकवीसचा डाव. ब्लॅकजॅक हे नाव अमेरिकेतलं, खेळ युरोपातला. फ्रान्समध्ये त्याला नावच ‘एकवीस’ असं होतं. त्याहून जुना उल्लेख सर्व्हांतेसचा, ‘डॉन किहोते’ लिहिणारा तोच. १६१३ साली छापलेल्या त्याच्या एका कथेत दोन भामटी पोरं हा खेळ लबाडीने खेळतात आणि तिथेही एक्क्याची किंमत एक किंवा अकरा आहे. चारशे वर्षांत हा नियम बदललेला नाही.

नियम दोन मिनिटांत सांगतो. दुर्री ते दश्शी, जेवढे ठिपके तेवढी किंमत. गुलाम, राणी, राजा, तिघेही दहा. इथे राजाचा काही मान नाही, तो गुलामाच्या बरोबरीचा. एक्का एक किंवा अकरा, जे सोयीचं ते. बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीसच्या वर गेलात की बाद. प्रत्येकाला दोन पाने मिळतात. वाटणाऱ्याचं एक पान उघडं, एक झाकलेलं. तुम्ही आणखी पान मागू शकता किंवा थांबू शकता. वाटणाऱ्याला मात्र स्वतःची अक्कल वापरायची मुभा नाही. सोळापर्यंत त्याने पान घ्यायचंच आणि सतरा झाले की थांबायचं.

मग घराला, म्हणजे कॅसिनोला, फायदा कुठून? फक्त क्रमातून. तुम्ही आधी खेळता. तुम्ही बाद झालात की पैसे तिथेच गेले, मग वाटणारा नंतर बाद झाला तरी ते परत येत नाहीत. सगळी मेख एवढीच आहे. ज्याला हे कळलं त्याला त्या खेळाबद्दल जवळजवळ सगळं कळलं.

आता समजा तुमच्याकडे सोळा आहेत. तेरा प्रकारच्या पानांपैकी सहापासून राजापर्यंतचे आठ प्रकार तुम्हाला बाद करतात, एक्का ते पंजी हे पाचच वाचवतात. म्हणजे पान मागितलं तर शेकडा एकसष्ट वेळा बाद. घाबरून थांबावं? ते समोरच्या उघड्या पानावर अवलंबून आहे. वाटणाऱ्याची छक्की दिसत असेल तर थांबा, कारण छक्कीवरून तो शंभरात सुमारे बेचाळीस वेळा स्वतःच बाद होतो. त्याची दश्शी दिसत असेल तर पान मागा. दोन्ही वाटा वाईट, पण मागणं केसाएवढं कमी वाईट. आपलं मन नेमकं उलट सांगतं. ‘आपण होऊन बाद झालो’ ही बोचणी ‘तो जिंकला’ यापेक्षा जास्त असते ना!

हे सगळं गणित मांडलं ते चार सैनिकांनी. बाल्डविन, कॅन्टी, माइझेल आणि मॅकडर्मट. अमेरिकन सैन्याच्या अ‍ॅबर्डीन तळावर ते नोकरीला होते. टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रांवर त्यांनी प्रत्येक हाताचा हिशेब केला आणि १९५६ साली तो अमेरिकेतल्या संख्याशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात छापून आणला. त्याचा गाभा असा. सतरा किंवा जास्त झाले, आणि त्यात एक्का अकरा म्हणून धरलेला नसेल, तर थांबा. तेरा ते सोळा असतील आणि समोर दुर्री ते छक्की असेल तर थांबा, सत्ती किंवा मोठं पान असेल तर मागा. बाराला जरा वेगळं आहे, तिथे चौकी, पंजी, छक्की समोर असेल तरच थांबायचं. एक्क्यांची आणि अठ्ठ्यांची जोडी आली तर फोडून दोन हात करायचे, दश्श्यांची जोडी कधीही फोडायची नाही. बेरीज अकरा आली की बहुतेक वेळा पैज दुप्पट करायची. आणि एक्का अकरा म्हणून धरून सतरा झाले असतील तर थांबू नका, कारण एका पानाने तुम्ही बाद होऊच शकत नाही, एक्का लगेच एकवर उतरतो.

ही पद्धत तंतोतंत पाळली तर काय होतं? तुम्ही जिंकता का? नाही. चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा फायदा साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो, इतकंच. हजाराची पैज, तासाला साठ डाव, म्हणजे साठ हजारांची उलाढाल. सरासरीने तासाला तीनशे रुपये जाणार. अंदाजाने खेळणाऱ्याचं याच्या कितीतरी पट जातं. त्यातही नियमांची पाटी वाचावी लागते. एक्का आणि दहाच्या किमतीचं पान अशी जोडी सुरुवातीलाच आली तर पूर्वापार हजाराला पंधराशे मिळतात. काही टेबलांवर गुपचूप बाराशे देतात. अशी जोडी साधारण एकवीस डावांत एकदा येते. दर वेळी तीनशे कमी, म्हणजे एवढ्या एका बदलाने कॅसिनोच्या फायद्यात जवळजवळ दीड टक्क्याची भर. अर्ध्या टक्क्यासाठी तुम्ही तक्ता पाठ केलात आणि पाटीवरच्या एका ओळीने त्याच्या तिप्पट काढून घेतलं.

आता मघाचं वाक्य आठवा, गेलेल्या पानांवर राहिलेल्या पानाची किंमत ठरते. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६०च्या सुमारास संगणकावर हेच सिद्ध केलं, १९६२ साली त्याचं पुस्तक आलं. मोठी पाने उरली असतील तर पैज वाढवा, संपली असतील तर कमी करा. म्हणजे गंजिफा खेळणाऱ्याचंच कसब. आणि आपल्या परंपरेत त्याहून जुनी गोष्ट आहे. वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात. राजा ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाच्या दोन फांद्यांकडे बघून सांगतो, फळं दोन हजार पंच्याण्णव. नल रथ थांबवून मोजतो, आकडा बरोबर! मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय शिकवतो, फाशांचं मर्म. बेहडा आपल्या सह्याद्रीत आहे, त्याचीच फळं त्या काळी फासे म्हणून वापरत. मोजण्याची विद्या आणि जुगाराची विद्या या कथेत एकाच झाडाखाली भेटतात. मात्र एक फरक आहे. नलाला ती विद्या वापरू दिली गेली. कॅसिनो मोजणाऱ्याला उठवतो, अनेक जोड एकत्र मिसळतो, नाहीतर सतत पिसणारं यंत्र लावतो.

आता कायद्याकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात म्हटलं की, रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, जुळणी करावी लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. तीन पत्तीचं तसं नाही. निकाल समंजस आहे. पण पुढे ‘कौशल्य’ हा शब्द मोबाइलमधल्या जाहिरातींनी उचलला. माझा एक जुना विद्यार्थी, हुशार, गणित उत्तम. त्याने एकवीसचा तक्ता पाठ केला होता. वडिलांची आंब्याची कलमं त्याने गहाण टाकली. मला म्हणाला, “सर, माझं स्किल होतं, फक्त नशीब साथ देत नव्हतं.” मी त्याला म्हटलं, “अरे, तुझं कौशल्य खोटं नव्हतंच. पण ते कमी हरण्याचं कौशल्य होतं, आणि कमी हरणं रोज रात्री केलं की त्याची बेरीज कुठे जाते?” तर्कशास्त्रात याला एकाच शब्दाचे दोन अर्थ सरमिसळ करणं म्हणतात. खेळात कौशल्य आहे, यावरून त्या कौशल्याने पैसे मिळतात असं निघत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. कायद्याच्या बाकी तपशिलांबद्दल वाद होऊ शकतो, पण हा भेद ओलांडणं मला योग्य वाटतं.

टेबलं मात्र आहेत, आणि आपल्या शेजारी आहेत. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा करून ठेवला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. गोव्याने त्याच १९७६ साली जुगारबंदीचा कायदा केला, मग १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि १९९६ साली जहाजांवर टेबलांना वाट दिली. म्हणून मांडवीत त्या बोटी उभ्या आहेत. आत जायला वयाची अट एकवीस वर्षांची. (हशा.) आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना तिथे खेळायला बंदी आहे. आपल्या माणसाचं घर बुडू नये एवढी काळजी त्या सरकारने घेतली, ती योग्यच. पण ती बंदी पत्रादेवीच्या नाक्यापर्यंतच. अलीकडच्या सावंतवाडीकराला, कुडाळकराला, चिपळूणकराला ती लागू नाही. सावर्ड्याहून महामार्गही जातो आणि रेल्वेही.